नको म्हणणाऱ्यांचा सत्कार

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी सचिव आहे. अध्यक्ष व्हायला माणूस मोठा लागतो, आणि सचिव व्हायला त्या दिवशीच्या बैठकीला उशिरा आलेला लागतो. मी वीस मिनिटं उशिरा गेलो होतो. दार उघडलं तर सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. मला वाटलं, आपलं स्वागत आहे. ती निवड होती.

शाळा रायपूरची आणि नावाने मराठी. आता मराठी फक्त दारावरच्या पाटीवर उरली आहे. बीरगांव आणि गुढ़ियारीची पोरं येतात, हिंदीत शिकतात, आपसात छत्तीसगढ़ीत भांडतात. मुख्याध्यापिका क्षमा मॅडमही हिंदीच बोलतात, पण मला बघितलं की "नमस्कार, कसे आहात" एवढं मराठीत म्हणतात आणि मग थकल्यासारख्या खुर्चीला टेकतात.

डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं. समोर बारावीतली एक मुलगी उभी होती, पद्मिनी. राहणार बीरगांव. वडील कारखान्यात रात्रपाळीला. घर एका खोलीचं, वडील दिवसभर झोपतात संध्याकाळी सातपर्यंत. तोवर घरात बत्ती लावायची नाही, भांडं वाजवायचं नाही, मग पाठांतर कुठून करणार. अशा बारा मुली होत्या. मार्चात बोर्डाची परीक्षा.

"पुरानी लैब खाली पड़ी है," मॅडम म्हणाल्या. "चार से सात खुल जाए तो ये बच्चियाँ बैठकर पढ़ लें. टेबल-कुर्सी, पंखा, लाइट आप लोग कर दीजिए. अनुमति मैं ऊपर से मँगवाती हूँ."

मी पद्मिनीला विचारलं, "तुम्हें और कुछ चाहिए?"

"नहीं सर," ती म्हणाली.

मी ते वहीत टिपून घेतलं. एकतीस वर्षं मी रेल्वेच्या आवक-जावक विभागात काढली. माणूस जे बोलला ते कागदावर आलं म्हणजे ते खरं, यावर माझी श्रद्धा आहे. पुढे जे काही झालं ते या श्रद्धेपायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लॅब खाली आहे असं मॅडम म्हणाल्या ते शासकीय अर्थाने. आत सत्तावीस मोडके बाक होते. ते फेकायचे तर अपलेखन समितीची सही लागते. समिती तीन जणांची. एकाची बदली झाली होती, दुसरे निवृत्त झाले होते आणि तिसऱ्या क्षमा मॅडम होत्या, ज्यांना एकट्यानं समिती म्हणून बसता येत नव्हतं. शेवटी बाक फेकायचे नाहीत, 'अस्थायी रूपाने' व्हरांड्यात ठेवायचे असं ठरलं. मी स्वतः नऊ बाक उचलले. दहाव्याला कंबर धरली.

आमचे अध्यक्ष शेखरराव देशकर हे सिंचन खात्यातले निवृत्त मुख्य अभियंता. चौबे कॉलोनीत माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. मी कमरेला शेक घेत पडलो होतो तेव्हा ते बघायला आले आणि सल्ला देऊन गेले.

"नुसती मदत मागशील तर कोणी देणार नाही, शिरीष. आधी सत्कार कर. शाळेत एक सन्मान फलक लाव, आपल्या चोवीस नामवंत लोकांची नावं लिही. ज्याचं नाव लागलं तो खोलीसाठी एकेक वस्तू देईन. माणूस सत्काराने ढिला होते."

"वा," मी म्हटलं.

"पण लेखी संमती घेजो. मागच्या वेळचं माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं. मागच्या वेळी मी निमंत्रणपत्रिकेवर वनमालाताईंचं मॅट्रिकचं वर्ष छापलं होतं. त्यावरून वय कळतं. ताई आठ महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्या समोरच राहतात.

म्हणून मी फॉर्म काढला. सुंदर फॉर्म होता. 'सन्मान फलकावर माझे नाव लिहिण्यास मी संमत आहे / संमत नाही', पुढे चौकोन, खाली अभिप्रायाला चार ओळी. प्रत्येकावर जावक क्रमांक. चोवीस लोकांच्या घरी मी तो कमरेला पट्टा बांधून स्वतः पोचवला. स्वतःला फॉर्म काढला नाही, कारण सचिवाने स्वतःचं नाव सुचवायचं नसतं, दुसऱ्या कुणीतरी सुचवायचं असतं. कुणी सुचवलं नाही, तो भाग वेगळा.

आठवडाभरात उत्तरं आली. आणि काय सांगू, माझे डोळे भरून आले. चोवीसांपैकी तेवीस लोकांनी 'संमत नाही'वर खूण केली होती.

वनमालाताई आकाशवाणीवर गायच्या. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्यासारख्या सामान्य स्त्रीचं नाव कशाला? माझ्याहून योग्य माणसं आहेत.' सोबत चार पानांचा परिचय आणि तीन फोटो होते. डॉक्टर सौमित्र यांनी 'इतरांचा विचार व्हावा, मी तर निमित्तमात्र' असं लिहून खाली स्वतःच्या सगळ्या पदव्या क्रमाने दिल्या होत्या. आणि खुद्द शेखरराव: 'अध्यक्षाने आपलं नाव घालून घेणं मला प्रशस्त वाटत नाही. तरी मंडळ काय तो निर्णय घेईल.' मंडळ म्हणजे मी. मी निर्णय घेतला. त्यांचं नाव कापलं.

एकच फॉर्म वेगळा होता, विकी साहूचा. विकीचं गुढ़ियारीत टेंट हाऊस आहे. दहावी तिसऱ्या खेपेला सुटला, पण मनाने मोठा म्हणून आम्ही त्याला यादीत धरलं होतं. त्याने चौकोनात खूण केलीच नाही. चारही ओळींवर मिळून एकच शब्द लिहिला होता, 'हव', म्हणजे हो, आणि त्यावर टेंट हाऊसचा शिक्का मारला होता.

मी अर्चनाला सगळे फॉर्म दाखवले. "बघ, याला म्हणतात निरपेक्ष माणसं. आजच्या काळात कोण नाव नाकारते?"

बायकोने फॉर्म चाळले. वनमालाताईंचे तीन फोटो एकाशेजारी एक लावून बघितले. मग म्हणाली, "तुम्ही परत विचारलं काय?"

"काहून विचारू? लेखी आहे ना."

"अहो, पोळीसुद्धा आपण तीनदा वाढतो म्हणतो तेव्हा पाहुणा घेते. पहिल्यांदा नकोच म्हणते माणूस."

"ही पोळी नाही, हा शासकीय दस्तऐवज आहे," मी म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली. तिथून हसल्यासारखा आवाज आला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

फलक बीरगांवच्या एका पेंटरकडून करून घेतला. दहा फूट लांब, निळ्या रंगाचा. वर सोनेरी अक्षरांत 'आमचे अभिमान'. पेंटरने यादी मागितली. मी दिली. त्याने कागद उलटून बघितला.

"एके झन हे का, भैया?"

"हव, एकच."

"बाकी जगा?"

"रिकामी राहू दे. त्याग दिसला पाहिजे."

जानेवारीतल्या एका रविवारी अनावरण होतं. मी पत्रिकेत 'नामवंतांच्या सन्मान फलकाचे अनावरण' असंच छापलं होतं, नावं मुद्दामच दिली नव्हती. तर शाळेच्या हॉलमध्ये मी बघतो काय, अर्धं रायपूर. वनमालाताई पैठणीत, सोबत नागपूरहून आलेल्या दोन बहिणी. डॉक्टरांचे व्याही भिलाईहून गाडी करून आलेले. शेखररावांचा नातू मोबाईल लावून तयार, अमेरिकेतल्या काकाला थेट दाखवायला. मला वाटलं, विकीच्या कौतुकाला एवढे लोक यावेत, काय मोठं मन आहे आपल्या माणसांचं. बारा मुलीही शाळेच्या गणवेशात मागे बसल्या होत्या.

शेखररावांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला.

'आमचे अभिमान', आणि खाली, दहा फुटांच्या निळ्या मैदानात, '१. श्री. विकी साहू, टेंट हाऊस'. पेंटरने आकडा घातला होता म्हणून ते जरा जास्तच दिसत होतं.

नागपूरच्या एका बहिणीने चष्मा पुसून परत लावला. नातवाच्या मोबाईलमधून अमेरिकेचा काका विचारत होता, "बाबांचं नाव कुठे आहे रे? खाली आहे का?" नातवाने फलकाची खालची कड दाखवली, मग भिंत दाखवली, मग फोन बंद केला.

विकी उठला, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि मला कानात म्हणाला, "भैया, बाकी लोगों का नाम काबर नहीं लिखे?"

"त्यांनी नको म्हटलं."

विकीने माझ्याकडे असं बघितलं की एकतीस वर्षांत रेल्वेच्या कुठल्या साहेबानेही तसं बघितलं नव्हतं.

समोसे मात्र सगळ्यांनी खाल्ले. रागाने खाल्ले, पण खाल्ले. जाताना वनमालाताई थांबल्या. "छान झाला हो कार्यक्रम. ट्यूबलाइटा देते म्हटलं होतं, त्याचं मात्र आता जमणार नाही. आम्ही पडलो सामान्य माणसं." डॉक्टरांच्या पंख्याचंही तेच झालं, शेखररावांच्या टेबलांचंही. शेखरराव तर मला नावाने हाक मारायची सोडून "सचिवसाहेब" म्हणू लागले. आमच्यात हे शिवीच्या जवळचं आहे.

चार दिवसांनी मी शाळेत गेलो. लॅब तशीच, रिकामी. पद्मिनी व्हरांड्यात मोडक्या बाकांच्या ढिगाला टेकून उभ्याने जीवशास्त्र वाचत होती. मला बघून तिने पुस्तक मिटलं. खोली कधी होईल हे तिने विचारलं नाही. ती काहीच विचारत नाही, हे मला तेव्हा फक्त शिष्टाचाराचं वाटलं. मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की मी क्षमा मॅडमना न भेटता परत आलो.

त्याच दुपारी विकीचा छोटा हाथी टेम्पो शाळेच्या दारात लागला. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, दोन उभे पंखे, लग्नातल्या लाइटांची माळ. टेबलांना गुलाबी साटिनची झालर तशीच होती. मॅडमनी मला फोन करून विचारलं की झालर सरकारी शाळेत चालते का. मी म्हटलं, नियमात कुठे बंदी नाही. म्हणजे ऐन लगनसराईत विकीने आपलं सामान काढून दिलं होतं, आणि मी त्याला साधं विचारलंही नव्हतं.

पण माळेच्या उजेडात बारावीचा अभ्यास होत नाही. ट्यूबलाइटा हव्या होत्या. अर्चना म्हणाली, "चला. आता मी शिकवते तसं करा. तीनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा आवाज खाली आणायचा आणि मग गप बसायचं."

आम्ही आधी वनमालाताईंकडे गेलो. "ताई, तुमच्याशिवाय फलक फलक नाही," मी म्हटलं.

"नका हो. मले काय करायचं आहे आता नावाचं."

"ताई, पोरींसाठी तरी."

"नाही म्हणजे नाही. मी त्या दिवशीच विसरली."

मी आवाज खाली आणला. "ताई, तुमचं नाव नसलं तर मी तिथे तोंड कसं दाखवू?" आणि गप बसलो. भिंतीवरचं घड्याळ ऐकत बसलो. ताईंनी पदर सारखा केला.

"आता तुम्ही एवढं म्हणूनच राहिले, तर..." आणि आतून चार पानांचा परिचय घेऊन आल्या. त्याची त्यांनी नवी प्रत काढून ठेवली होती. "मॅट्रिकचं वर्ष गाळजा. ट्यूबलाइटा किती लागतीन? चार पुरतीन?"

असे आम्ही तेवीस घरं फिरलो. शेखररावांनी अध्यक्ष म्हणून पाच वेळा नको म्हटलं, त्यात दीड तास गेला. पण बीरगांवचा पेंटर परत आला, फलक भरला, ट्यूबलाइटा लागल्या, डॉक्टरांनी दोन पंखे छताला बसवून दिले. माझं नाव फलकावर आलं नाही. मी स्वतःसाठी स्वतःकडे तीनदा कसा जाणार.

मग ऊपर से अनुमती आली. क्षमा मॅडमनी शुक्रवारी दुपारी आम्हाला सगळ्यांना शाळेत बोलावून कागद वाचून दाखवला. खोली चार ते सात वापरता येईल, परंतु मंडळातली एक ज़िम्मेदार व्यक्ती रोज तेवढा वेळ तिथे हजर राहिली पाहिजे. तिचं नाव आजच्या आज पाच वाजेपर्यंत कळवायचं, अन्यथा अनुमती निरस्त समजावी. मॅडमना स्वतः थांबता येत नव्हतं, त्यांची सासू अंथरुणाला होती.

चोवीस नामवंत फलकाखालीच बसले होते. आता मी पढून तयार होतो. वनमालाताईंना म्हटलं, ताई, तुम्ही. "मी कशाला, माझ्याहून योग्य माणसं आहेत." मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज खाली आणला आणि गप बसलो. ताईही गप बसल्या. घड्याळात पाच मिनिटं गेली. मग त्या म्हणाल्या, "अहो, खरंच नाही जमणार. चार वाजता माझ्या गाण्याच्या शिकवण्या असतात."

डॉक्टरांचं क्लिनिक. शेखररावांची शुगर, डॉक्टरने वेळेवर फिरायला सांगितलं होतं. मी प्रत्येकाला तीनदा विचारलं, शेखररावांना तर सहा वेळा. या वेळी सगळे मनापासून नको म्हणत होते. विकीने मात्र मला दुसऱ्यांदा विचारू दिलं नाही. "नहीं सकूँ भैया, लगन का टाइम है. आदमी चाहिए हो तो सुबह-सुबह बोलो, शाम को मैं मंडप में रहता हूँ." मला त्याचा राग आला नाही.

हळूहळू सगळे गेले. अर्चनाही पुढे होऊन रिक्षा बघायला गेली. मी लॅबमध्ये कुलूप लावायला गेलो तर पद्मिनी आत होती. तिने टेबलं पुसून ठेवली होती आणि प्रत्येक टेबलावर दोन मुलींची नावं खडूने लिहिली होती. तिने माझं तोंड बघून ओळखलं असावं.

"कोई नहीं मिला, सर?"

"देख रहे हैं, बेटा."

तिने हातातला फडका बादलीत बुडवला. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "आप बैठ जाएँगे, सर?"

आता खरं सांगतो. चार वाजता माझा चहा असतो. साडेपाचला तेलीबांधा तलावाला आमचा सहा जणांचा फेरा असतो, तिथे मी सोडून कुणाला बाकड्याची चांगली जागा मिळत नाही. शिवाय कंबर. आणि एवढं सगळं करून ज्या मंडळाला फलकावर माझं नाव घालायचं सुचलं नाही, त्या मंडळासाठी मी अजून किती मरायचं, हेही मनात होतं. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"अरे, मैं कहाँ, बेटा. मुझसे अच्छे लोग हैं."

"जी सर," ती म्हणाली.

बस. एवढंच. तिने ओला फडका पिळला आणि टेबलावरचं पहिलं नाव पुसायला घेतलं. मग दुसरं. चिडून नाही, रडून नाही. तिने माझा नको एका फटक्यात खरा मानला. मी तेवीस फॉर्म मानले होते अगदी तसाच.

मी तिथे उभा राहून बघत होतो आणि मला डिसेंबरातलं तिचं 'नहीं सर' आठवलं, जे मी वहीत लिहून घेऊन मोकळा झालो होतो. वनमालाताईंच्या घरी मी तीनदा म्हटलं, शेखररावांकडे दीड तास बसलो. या पोट्टीला आयुष्यात कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नव्हतं. म्हणून तीही कुणाला दुसऱ्यांदा विचारत नव्हती. ती चौथ्या नावापर्यंत पोचली होती.

"रुको," मी म्हटलं.

ती थांबली.

"बैठूँगा."

तिने फडका हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. आता ती पण शिकली असावी, किंवा तिचा विश्वास बसला नसावा, पण पहिल्यांदाच तिने मला परत विचारलं.

"पक्का, सर? रोज?"

"हव," मी म्हटलं.

खिडकीतून अर्चना हाक मारत होती की रिक्षा मिळाली. मी तिला सांगितलं, रिक्षा सोडून दे, आणि मॅडमकडचा तो कागद भरायला गेलो. पाचला पंचवीस मिनिटं होती. मागे पद्मिनी पुसलेली नावं परत लिहीत होती.